पाण्याकाठचे नगर, सायकलवरून

नगर जिल्ह्यात फिरण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले की शिर्डी, शनिशिंगणापूर आणि भंडारदरा ही तीन नावे लगेच पुढे येतात. तिन्हीकडे माणसे मोटारीने जातात, मोटारीने परततात. शहरात फिरायचे म्हटले तर भुईकोट किल्ला आणि चांदबीबीचा महाल, एवढ्यावर गोष्ट संपते. गेली दोन वर्षे आम्ही घरातली माणसे रविवारी फज्रची नमाज झाली की सायकली बाहेर काढतो. त्यातून आम्हाला एक वेगळे नगर दिसले. ते पाण्याचे नगर आहे. आज त्याच्याबद्दल सांगायचे आहे.

शहराचे आणि जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. बोलताना मात्र सगळे 'नगर'च म्हणतात, म्हणून इथे आम्हीही तेच म्हणू.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. परदेशातल्या शहरांत नदीकाठाने, तळ्याकाठाने फक्त सायकलींसाठी राखलेले रस्ते असतात. नेदरलँड्समध्ये तर माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. आपल्याकडे तसे काही नाही. खाली दिलेले रस्ते साधेच आहेत. त्यांवर ट्रॅक्टर, दुधाच्या मोटारसायकली आणि शेळ्यांचे कळपही असतात. पण योग्य वेळ निवडली तर त्यांवर लहान मुलांना घेऊनही निवांत जाता येते. नगर पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच. हवा कोरडी, हिवाळ्यातली सकाळ थंड आणि शहराभोवतीचा बराच भाग सपाट. सायकलीला याहून जास्त काय हवे?

खंदकापासून फराहबागेपर्यंत

पहिली फेरी शहरातलीच, सगळी मिळून दहा-बारा किलोमीटरची. नव्याने सायकल शिकलेल्या मुलांसाठी हीच चांगली.

मलिक अहमदने १४९० साली भिंगारजवळ बहामनी सैन्याचा पराभव केला आणि पुढे सीना नदीच्या काठी हे शहर वसवले. त्याची कबर बाग रौझ्यात आहे. काळ्या दगडाची ही घुमटाची इमारत आहे. आम्ही फेरी इथूनच सुरू करतो. शहर वसवणाऱ्याला सलाम करावा, दुआ मागावी आणि पुढे निघावे. पुलावरून सीनेकडे पाहिले की वाईट वाटते. ज्या नदीच्या भरवशावर शहर वसले, तिच्यात आज पावसाळा सोडला तर सांडपाणीच जास्त दिसते.

तिथून गावातून किल्ल्याकडे. किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे, म्हणून त्याला भुईकोट म्हणतात. त्याचा घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर आहे आणि बाहेरून रुंद, खोल खंदक. आधी मातीचा असलेला हा कोट हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर दगडात बांधून काढला. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तटाला भगदाड पाडले, तेव्हा चांदबीबी स्वतः तटावर उभी राहिली आणि रातोरात भिंत बुजवून घेतली. ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि खंदकाच्या कडेला सायकल स्टँडवर लावून, तटाची उंची डोळ्यांनी मोजत मुलींना सांगणे वेगळे. आमच्या लहानीने विचारले, "रात को दिवार बांधी तो उजाला कायका था?" आम्ही म्हणालो, मशालींचा असेल. मग तिने मशाल कशाची करतात ते विचारले, आणि किल्ला संपेपर्यंत प्रश्न संपले नाहीत.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आत जायचे तर ओळखपत्र जवळ ठेवावे आणि त्या दिवशीचे नियम दारावर विचारून घ्यावेत. आत जाता आले तर नेत्यांच्या कोठड्या जरूर पाहाव्यात. ऑगस्ट १९४२ मध्ये पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना इथेच ठेवले होते. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिले, हे शाळेतल्या मुलांना माहीत असते. मौलाना अबुल कलाम आझादांचे 'गुबार-ए-खातिर' हेही इथलेच, हे मात्र आपल्या घरांतही सगळ्यांना ठाऊक नसते. मौलाना त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. मित्राला लिहिलेली ही पत्रे टपालात पडू शकत नव्हती, तरी ते लिहीत राहिले. पहाटेच्या चहाबद्दल लिहिले, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांबद्दल लिहिले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हा मौलाना या भिंतींच्या आत होते. शेवटची भेटही झाली नाही. आमच्या घरात हे वाचून दाखवले तेव्हा नानी बराच वेळ तस्बीह हातात धरून नुसत्या बसल्या होत्या.

किल्ल्याच्या पूर्वेला दमडी मशीद आहे. ती १५६७ साली साहिर खानाने बांधली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी देऊन तिला हातभार लावला, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. मशीद आकाराने लहान आहे, पण दगडावरचे कोरीवकाम असे की बोट फिरवावेसे वाटते. एवढ्या मोठ्या किल्ल्याशेजारी गरिबांच्या पैशाची ही मशीद आम्हाला नेहमी मोठी वाटत आली आहे.

तिथून छावणीच्या सावलीतल्या रस्त्याने सोलापूर रस्त्याच्या बाजूला फराहबाग. मोठ्या तलावाच्या मधोमध उभा असलेला हा अष्टकोनी महाल मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ च्या सुमारास पूर्ण झाला. वजीर सलाबतखानाने तो पुरा करवला. आज तलाव कोरडा असतो, त्यात गवत वाढते. महालाच्या उंच कमानीतून वारा मात्र अजून तसाच वाहतो. जवळच लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. मुलांना महालापेक्षा रणगाडे जास्त आवडतात, त्याला इलाज नाही.

या तलावात पाणी यायचे कुठून? मुलांना हा प्रश्न पडतोच. उत्तर ऐकायचे तर दुसऱ्या फेरीला जावे लागते.

खापरी नळांच्या मागावर

निजामशाहीत नगरला पाणी खापरी नळांनी यायचे. शहराबाहेर उंचावरच्या गावांत जमिनीतले झरे आणि विहिरी शोधायच्या, तिथून भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून शहरापर्यंत आणायचे. ना पंप, ना वीज. जमिनीच्या उतारावर पाणी आपोआप चालत यायचे. मध्ये मध्ये हवा निघून जावी आणि गाळ बसावा म्हणून दगडी मनोरे बांधलेले असत. त्यांना उच्छ्वास म्हणतात. जुन्या वस्तीत, शेताच्या बांधावर असा एखादा अर्धा पडलेला मनोरा अजून दिसतो. हौद भरायचे, मशिदींत वजूला पाणी असायचे, बागा हिरव्या राहायच्या, ते सगळे या नळांवर.

या नळांपैकी कापूरवाडीचा नळ प्रसिद्ध आहे. दुसरी फेरी त्याच दिशेची. शहरातून बुऱ्हाणनगरमार्गे ईशान्येला कापूरवाडीच्या तलावापर्यंत आठ-नऊ किलोमीटर पडतात. चढ हलका आहे, जाताना जाणवतो. येताना पायडल मारायची गरजच पडत नाही. मुलांना आम्ही हेच दाखवतो: तुमची सायकल ज्या उतारावरून विनासायास घरी येते, त्याच उतारावरून पाणी यायचे. भूगोलाच्या तासाला जे कळत नाही ते इथे पायांना कळते.

तलावावर पोहोचावे ते सूर्य वर यायच्या आत. चांगला पाऊस झालेल्या वर्षी थंडीत पाण्यावर बदके उतरतात आणि काठाने बगळे उभे असतात. काठावर बसून चहा प्यावा. थर्मास घरूनच न्यावा, तिथे टपरी मिळेलच असे नाही.

ज्यांचे पाय तयार आहेत त्यांनी एखाद्या रविवारी वांबोरी रस्त्याने पिंपळगाव माळवीच्या तलावाकडे जावे. एके काळी नगर शहर याही तलावाचे पाणी प्यायचे. आता शहराला पाणी मुळा धरणातून येते. जुने तलाव त्यामुळे कोणाच्याच लेखी राहिले नाहीत. पिंपळगावपासून पुढे डोंगरगणची दरी आहे आणि वर मांजरसुंब्याचा गड. पावसाळ्यानंतर हा सगळा भाग हिरवा होतो, ओढे वाहतात. डोंगरगणचा उतार मात्र तीव्र आहे. उतरताना दोन्ही ब्रेक नीट चालतात ना, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

सलाबतखानाचा डोंगर आणि भातोडीचा तलाव

आमची सगळ्यांत आवडती फेरी हीच.

पाथर्डी रस्त्याने पूर्वेला निघाले की लांबूनच शाह डोंगरावरची इमारत दिसू लागते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. खरे तर ती सलाबतखानाची कबर आहे. अष्टकोनी, तीन मजली, दगडी, कसलीही सजावट नसलेली. शहरापासून अंतर बारा-तेरा किलोमीटर. शेवटचा घाट चढाचा आहे. तिथे आम्ही उतरून सायकली ढकलत नेतो. वर पोहोचलो की घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागतो आणि खाली अर्धा नगर तालुका पसरलेला दिसतो.

हा सलाबतखान मुर्तजा निजामशहाचा वजीर होता. फराहबाग त्यानेच पुरी करवली. डोंगराच्या पलीकडे मेहकरी नदीवरचा भातोडीचा तलावही त्यानेच बांधला. इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, या तलावाची दुरुस्ती होऊन तो पुन्हा शेतीच्या उपयोगी आला. वजिराचे मोठेपण आम्ही मुलांना महालावरून सांगत नाही, तलावावरून सांगतो. विहीर खोदणे, पाणी सोडणे याला आपल्याकडे सदका-ए-जारिया मानतात, म्हणजे माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते असे दान. सलाबतखानाला जाऊन चार शतके उलटली. भातोडीच्या शेतकऱ्याच्या पिकाला आजही त्या तलावाचा आधार आहे.

याच भातोडीला १६२४ साली मोठी लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशाही फौजा, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा कारभार पाहणारा मलिक अंबर. हा मूळचा आफ्रिकेतल्या हबशी मुलखातून गुलाम म्हणून आलेला माणूस. त्याच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढत होते. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच रणात पडले. मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि मोठी फौज जागीच अडकवून टाकली, असे इतिहासात येते. हबशी सेनापती, मराठा सरदार आणि मधे एका वजिराने बांधलेले पाणी. आपल्या जिल्ह्याचा इतिहास इतका मिसळलेला आहे. तो एकट्या कोणाचा नाही, हे बांधावर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

शहरापासून भातोडीपर्यंत वीसेक किलोमीटर होतात, येऊन-जाऊन चाळीस. बारा वर्षांखालच्या मुलांना हे एका दिवसात जड जाते. आम्ही लहानांना फक्त डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेतो.

मुलींच्या सायकली

इथे थोडे थांबून एक घरातली गोष्ट सांगणे जरूर आहे.

आपल्या वस्त्यांत आठवी-नववीपर्यंतच्या मुली सायकलवर शाळेत जाताना दिसतात. दहावी झाली की त्या सायकली जिन्याखाली जातात, नाहीतर धाकट्या भावाला मिळतात. आमच्या घरातही तो दिवस आला. मोठी अकरावीत गेली. ओढणी साखळीत अडकते, लोक पाहतात, आता मोठी झाली, अशी कारणे निघाली. सगळी कारणे प्रेमापोटीच होती. खालांना तिची काळजी होती, मामूंना रस्त्याची.

नानी सगळे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पानी लाने को तीन मील चलते थे हम, तब कोई नै रोका. अब छोरी सायकल पे बैठी तो क्या हुआ?"

नानी ७२ च्या दुष्काळातून आलेल्या बाई. त्यांच्या तोंडून हे आल्यावर कोणी काही बोलले नाही. आम्ही मग कारणे एकेक करून सोडवली. साखळीवर पुरे झाकण बसवले, तिरपी दांडी असलेली सायकल घेतली, ओढणीला पिना लावल्या. रस्त्याची काळजी खरी होती, म्हणून सुरुवातीला आम्ही बरोबर जात राहिलो. वर्षभराने मोठी एकटी कॉलेजला सायकलने जाऊ लागली. शाह डोंगराच्या घाटात आता ती सर्वांच्या पुढे असते. आम्ही ढकलत असतो आणि ती पहिल्या वळणावर बसून आमची वाट पाहते. खाला अजून सायकलवर बसत नाहीत, पण भातोडीच्या फेरीला डबा त्याच करून देतात.

परदा, अदब, घराची शिस्त हे सगळे सांभाळूनही हे होते, एवढेच आमचे सांगणे आहे. ज्या घरातल्या मुलीची सायकल जिन्याखाली धूळ खात असेल, त्या घराने एकदा तिला विचारून पाहावे.

लांबचे दोन काठ

मुळा धरण राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला आहे. २६ टीएमसीचे हे मातीचे धरण, जलाशयाचे नाव ज्ञानेश्वरसागर. आपल्या नळाला येणारे पाणी मुलांनी एकदा तिथे जाऊन पाहावे. नगर-मनमाड रस्त्यावर अवजड वाहनांची गर्दी फार. त्या रस्त्याने मुलांना सायकलवर नेऊ नये. आम्ही सायकली टेम्पोत टाकून राहुरीपर्यंत जातो आणि तिथून उसाच्या शेतांमधल्या आतल्या रस्त्याने धरण गाठतो.

भंडारदरा मात्र दोन दिवसांचा बेत आहे. प्रवरेवरचे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. मागच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. जलाशयाभोवती शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावे जोडणारा रस्ता आहे. पूर्ण फेरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची. चढ-उतार सतत आहेत, त्यामुळे गिअरची सायकल असावी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, याच भागात. रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर, साम्रदची सांदण दरी, घाटघरचा कडा, सगळे याच वाटेवर.

नगर तालुक्यातून आलेल्या माणसाला इथे पहिला धक्का पाण्याचा बसतो. जिल्हा एकच, पण आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि घाटघरला पावसाळ्यात छत्री उघडून उपयोग नसतो. तरी इथल्याही वाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन चालताना आम्ही पाहिल्या. एवढा पाऊस, शेजारी एवढे धरण, आणि तरी हंडा चुकला नाही. मोठीने ते पाहून नानींची आठवण काढली.

जोहरची वेळ रतनवाडीच्या अलीकडे झाली. काठावर वजू केला, सपाट कातळावर रुमाल अंथरले आणि मुसाफिर म्हणून कसर नमाज पढली. जेवणाचा डबा घरचाच होता. संध्याकाळी गावातल्या एका घरी पिठले-भाकरी मिळाली. त्या घरच्या मावशींनी मुलींच्या सायकली हात लावून पाहिल्या आणि आपल्या नातीला बोलावून एकीवर बसवले.

निघण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात शहराजवळच्या फेऱ्या कराव्यात, घाटातल्या टाळाव्यात. रमजानमध्ये आम्ही सायकली ठेवून देतो आणि ईदनंतर पुन्हा काढतो. फज्रनंतर लगेच निघाले की नऊच्या आत घरी येता येते, घरातली कामेही अडत नाहीत.

आदल्या रात्री चाकांत हवा, ब्रेक आणि साखळीचे तेल पाहावे. पंक्चरचे सामान आणि हातपंप एका तरी सायकलीच्या कॅरिअरला बांधलेला असावा. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा खजूर. मुलांना हेल्मेट, मागे लाल रिफ्लेक्टर. रस्त्यावर एकामागोमाग एक चालवावे. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे मोठी माणसे असावीत.

आणि एक पिशवी रिकामी न्यावी. तलावाच्या काठावर प्लास्टिक पडलेले असते, पानपट्टीचे, वेफर्सचे, पाण्याच्या बाटल्यांचे. आम्ही निघताना एक पिशवीभर गोळा करून आणतो. त्याने तलाव साफ होत नाही, हे आम्हालाही कळते. पण खाली बसून चिखलातून कागद उचलणाऱ्या मुलाच्या हातून पुढे तलावात काही फेकले जात नाही. जुन्या लोकांनी मातीच्या नळांतून कोसावरचे पाणी आणून आपल्याला दिले. ते नळ आपल्याला टिकवता आले नाहीत. तलाव अजून आहेत, आणि कापूरवाडी तुमच्या दारापासून सायकलने एका तासावर आहे. येत्या रविवारी, इन्शाअल्लाह, जाऊन या. मुलींना बरोबर न्यायला विसरू नका.